शालीचा पुरावा

श्यामराव रायपूर स्टेशनवरून थेट ब्राह्मणपाऱ्यात नीलकंठरावांच्या घरी आले, बॅग दारात ठेवली आणि पायही न धुता म्हणाले, "आधी पुरावा दाखवा. मंग पाणी."

श्यामराव हे नीलकंठरावांचे व्याही, राहणार नागपूर. दोन वर्षांपूर्वी नीलकंठरावांच्या स्वरदाचं त्यांच्या मुलाशी लग्न झालं. लग्न झकास झालं, असं नीलकंठराव म्हणत. व्याहीभेटीत आपल्याला शालच मिळाली नाही, असं श्यामराव म्हणत. 'आणि माझ्या साडूले मिळाली!' हे सांगताना त्यांचा आवाज असा काही कातर होई, की नागपुरात दोन हिवाळे त्यांनी त्या एका शालीवाचून कुडकुडत काढले असावेत असं ऐकणाऱ्याला वाटे. त्यांच्या कपाटात अकरा शाली होत्या, पण त्या काय, मानाच्या नव्हत्या.

आता स्वरदाला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसंही रायपुरातच, येत्या रविवारी. श्यामरावांनी फोनवरच बजावलं होतं, "शाल घातल्याचं सिद्ध करा. नाहीतर मी आल्या पावली वापस जातो. पाळण्याजवळ माझा फोटो ठेवजा." स्वरदाला शालीशी काही घेणंदेणं नव्हतं. लेकीच्या बारशाला दोन्ही आजोबा एका खोलीत, एकमेकांकडे तोंड करून उभे असावेत, एवढंच तिचं मागणं होतं. दोन्ही घरांच्या मते हे जरा जास्तच होतं.

पुरावा नीलकंठरावांकडे होता. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने त्यांना पेनड्राइव्ह देऊ केला होता. पण नीलकंठराव पडले हिशेबी गृहस्थ. बोटाएवढी वस्तू, उद्या हरवली म्हणजे? त्यांनी हट्टाने डीव्हीडी करून घेतली. चांगली बशीएवढी वस्तू, हरवतो म्हटलं तरी हरवत नाही. ती खरंच हरवली नाही. फक्त दोन वर्षांत ती लावायची यंत्रं जगातून हरवली. टीव्हीला डीव्हीडीची फट नव्हती, स्वरदाच्या लॅपटॉपलाही नव्हती. उरला तो नीलकंठरावांच्या ऑफिसने निकालात काढलेला कम्प्युटर. ऑफिसला तो नकोसा झाला याचा अर्थ तो अजून चांगला आहे, असा नीलकंठरावांचा सरकारी अनुभव होता.

"आधी जेवून घ्या ना," स्वरदाच्या आई इंदूबाई म्हणाल्या. "भाजी थंडी होऊन राहिली."

"जाऊ द्या ना हो," श्यामरावांसोबत आलेल्या त्यांच्या पत्नी पद्मिनीबाईही म्हणाल्या. "एका शालीसाठी काय ते?"

दोन विहिणींचं एकमत झालं, हा त्या घरातला पहिलाच प्रसंग. नीलकंठरावांना त्यात काही वावगं दिसलं नाही. पुरुषांना अशा वेळी दिसत नाहीच.

त्यांनी डीव्हीडी बनियनने पुसली आणि आत सरकवली. कम्प्युटरमधून पिठाच्या गिरणीचा आवाज आला. पडद्यावर मंडप उमटला, गुरुजींचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. मंत्र मात्र तुकड्यातुकड्यांनी चालू होते, गुरुजींना उचकी लागल्यासारखे.

"बाबा, इसमें रॅम ही नहीं है," मांडीवरच्या बाळाला थोपटत स्वरदा म्हणाली. "ये नहीं चलेगा."

"काहून नाही चालणार? ऑफिसात सोळा वर्षं चालला!"

"ऑफिसात त्याच्याकडून काम कोण करून घेत होतं?" स्वरदाने विचारलं.

हे बोलणं नीलकंठरावांना लागलं. त्यांनी शेजारच्या नरहरीभाऊंना हाक मारली. नरहरीभाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू आपल्याच खात्याची आहे असं मानणारे. त्यांनी कम्प्युटरकडे वैद्याच्या नजरेने पाहिलं.

"गरम होऊन राहिला," ते म्हणाले. "खोला याले."

झाकण उघडलं. आत शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यांतून आलेली सोळा वर्षांची धूळ सुखाने नांदत होती. नरहरीभाऊंनी फुंकर मारली, धूळ उडाली, बाळ शिंकलं, इंदूबाई ओरडल्या. मग टेबलफॅन आणून उघड्या पोटासमोर लावला. उकाड्यात माणसं घामाने निथळत बसली आणि कम्प्युटर वारा खाऊ लागला. गुरुजींचा हात एक इंच खाली आला.

"हव! हिलला!" नरहरीभाऊंना स्फुरण चढलं. "आता चित्र लहान करा. मोठं चित्र ओढायचं त्याच्यात बळ नाही."

चित्र लहान केलं, आणखी लहान केलं. शेवटी सगळा विवाहसोहळा काडेपेटीएवढा झाला. त्यात व्याही कोणते आणि आचारी कोणता, हे ओळखायला दोघा व्याह्यांना डोक्याला डोकं लावून बसावं लागलं. दोन वर्षांत ते इतके जवळ आले नव्हते.

"आवाज बी बंद करा," नरहरीभाऊ म्हणाले. "त्याचा दम आवाजातच जाऊन राहिला."

आवाज बंद झाला आणि चित्र सरकू लागलं. सरकू लागलं म्हणजे, एक चित्र येई, मुक्काम करी, मग दुसरं येई. आणि अखेर ते आलं. नीलकंठराव दोन्ही हातांनी श्यामरावांच्या खांद्यावर जांभळ्या काठाची शाल घालत आहेत! नरहरीभाऊंनी तेवढं चित्र थांबवून पडदाभर मोठं केलं.

"पाहा!" नीलकंठराव खुर्चीतून उठले. "पाहा म्हटलं! कोणाचा खांदा आहे हा?"

श्यामरावांनी चष्मा पुसून पाहिलं. खांदा त्यांचाच होता. त्यांचा चेहरा उतरला. "पण घरी तं नाही आली शाल," ते पुटपुटले.

"नरहरीभाऊ, पुढे घ्या! सगळं दिसू द्या!" नीलकंठरावांचं सुख आवरत नव्हतं.

"आता पुरे," इंदूबाई घाईघाईने म्हणाल्या. पण पुढचं चित्र आलं. नेहमीच्या वेगात जे डोळ्यांना कधीच दिसलं नसतं, ते कम्प्युटरने आपल्या सवडीने, एकेक करून दाखवायला घेतलं. व्याही गळाभेट घेत आहेत. श्यामरावांच्या पाठीमागून एक हिरव्या बांगड्यांचा हात आला आहे. हातात शालीचं टोक आहे. मग हातात सगळी शाल आहे. मग तीच शाल, तेच जांभळे काठ, श्यामरावांच्या साडूच्या खांद्यावर आहेत.

नीलकंठरावांनी इंदूबाईंच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं.

"बाकीच्या शाली घरीच राहिल्या होत्या!" इंदूबाई एकदम म्हणाल्या. "गोल बाजारातून आणलेलं अख्खं गाठोडं! एकीवरच सगळे मान करायचे होते, मी काय करू?"

श्यामराव उठले. बॅगेकडे वळले. स्वरदाने बाळाला छातीशी घट्ट धरलं. तिचे डोळे भरून आले, आणि नेमक्या त्याच वेळी पुढचं चित्र आलं. साडूच्या मागे पद्मिनीबाई उभ्या होत्या. शाल त्यांच्या हातात होती, आणि हात त्यांच्याच पिशवीत होता.

"हीच ती शाल!" इंदूबाई किंचाळल्या. "दोन वर्षं झाली, मी त्या कॅटररवाल्याले शिव्या देऊन राहिली!"

"मी म्हटलं, आमचीच तं आहे," पद्मिनीबाई हळूच म्हणाल्या. "बहिणीच्या नवऱ्याले काहून जाऊ देऊ? मंग भाचीच्या लग्नात देऊन टाकली."

श्यामराव होते तिथेच थांबले. नीलकंठराव खाली बसले. दोन्ही विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि भाजीत मीठ आहे का बघायला दोघी मिळून स्वयंपाकघरात गेल्या.

इतक्यात नरहरीभाऊंनी मागे कुठेतरी आपोआप चालू होणारा पंचांगाचा प्रोग्राम बंद केला. चित्र पाण्यासारखं धावू लागलं.

"भैया, जमली!" ते ओरडले. "आता सुरुवातीपासून सलग पाहू! आवाजासकट!"

"बंद करा!" दोघे व्याही एका सुरात गरजले. श्यामराव चपळ निघाले. त्यांनी वायरच उपटली.

"तो फिर शाल मिली थी कि नहीं, पापाजी?" स्वरदाने सासऱ्यांना विचारलं.

"मशीनचं काय खरं, बाई? जुनी आहे," श्यामराव म्हणाले. "काहीचं काही दाखवून राहिली."

"रॅमच नाही तिच्यात," नीलकंठरावांनी खेदाने दुजोरा दिला. "व्याहीबुवा, पाणी घेता?"

"आणा. आणि जेवायलेच वाढा."

रविवारी बारसं थाटात झालं. व्हिडिओवाल्याला आदल्याच दिवशी नको म्हणून कळवलं होतं. दारात दोन्ही आजोबा खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि नीलकंठरावांच्या हातात मोठी परात होती.

"मोबाइल इथे ठेवा," ते प्रत्येक पाहुण्याला सांगत होते. "पोरीले नजर लागते."

"हौ," श्यामराव गंभीरपणे मान डोलवत होते. "लई लागते."