समुद्र, आवक क्रमांक आठ

पाणीमीटर खात्यात येणारा प्रत्येक कागद आधी आवक लिपिकाच्या टेबलावर येतो. लिपिक त्यावर तारखेचा शिक्का मारतो, क्रमांक घालतो, खाली 'पाहिले' असं लिहून सही करतो आणि कागद पुढच्या टेबलाकडे ढकलतो. वाचणं हे पुढच्या टेबलाचं काम. इथल्या आवक लिपिकांनी हे काम बावीस वर्षं बिनचूक केलं होतं. एकदा तळमजल्यावर आग लागल्याची चिठ्ठी वर आली, तेव्हा त्यांनी आधी तिच्यावर शिक्का मारला, सही केली आणि मगच जिना उतरले. खात्यात त्यांना सगळे पाहिलेराव म्हणत.

पाहिलेरावांच्या बायकोने समुद्र पाहिलेला नव्हता. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट दरवर्षी पुढच्या वर्षावर जात होती. बाईंचं मागणं फार नव्हतं. घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं, लाट आली की मागे सरायचं, गेली की पुढे व्हायचं. "एवढं करा, मग मी जन्मात तुमच्याकडे काही मागणार नाही," असं त्या म्हणत. ही सवलत पाहिलेरावांना आकर्षक वाटली आणि त्यांनी एका सहल कंपनीत नाव नोंदवलं. सात दिवस, समुद्रासमोरची खोली, नाश्ता धरून साठ हजार. माहितीपत्रकावर छापलं होतं, 'ठरलेली किंमत, ठरलेला आनंद'. सोबत एकवीस पानांचा करार होता. पाहिलेरावांनी प्रत्येक पानावर 'पाहिले' लिहून सही केली.

बाईंनी रुंद काठाची टोपी आणली आणि इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर बातमी पोचवली. समोरच्या वहिनींनी नेहमीप्रमाणे तिच्यावरही ताण केली. "बरं झालं बाई. आम्हीही त्याच आठवड्यात डोंगरावर चाललोय. तुमचीच कंपनी. समुद्र काय, आमचा पाहून झालाय."

नाव नोंदवल्यावर बाराव्या दिवशी कंपनीचा माणूस पहिलं पत्र घेऊन दारात उभा राहिला. इंधन महागल्यामुळे सहलीच्या किमतीत आठ हजारांचं 'समायोजन' करणं कंपनीला जड अंतःकरणाने भाग पडलं होतं. माणसाने दुसरी प्रत पुढे केली. पाहिलेरावांनी ती भिंतीवर टेकवली, 'पाहिले' लिहिलं, सही केली आणि घरच्या वहीत आवक क्रमांक दोन टाकला. क्रमांक एकवर करार होता.

"अहो, वाचलंत का ते?" बाईंनी विचारलं.

"पाहिलं."

"पाहिलं नव्हे. वाचलंत का?"

"आपल्याकडे पुढचं टेबल कुठे आहे?"

दुसरं पत्र तीन आठवड्यांनी आलं. इंधन आता स्वस्त झालं होतं. त्यामुळे जास्त लोक प्रवासाला निघाले होते, त्यामुळे समुद्रावर गर्दी वाढली होती आणि गर्दीतही ग्राहकाला एकांत मिळावा म्हणून कंपनीला बारा हजारांचा एकांत आकार लावावा लागत होता. आवक क्रमांक तीन. पाहिले.

तिसऱ्या पत्राची सुरुवातच 'हार्दिक अभिनंदन' अशी होती. गर्दीमुळे समुद्रासमोरच्या खोल्यांना भाव आला होता आणि पाहिलेरावांनी ती खोली स्वस्तात धरून ठेवली होती. म्हणजे काहीही न करता त्यांची मालमत्ता चोवीस हजारांनी वाढली होती. ही वाढ त्यांनी कंपनीकडे जमा करायची होती. आवक क्रमांक चार. सही करताना पाहिलेरावांना अभिनंदनाचा थोडा आनंदही झाला.

बाईंनी मात्र पत्र वाचलं. टोपी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "एक लाख चार हजार. उद्या अर्धा दिवस रजा टाका. आणि पेन घरी ठेवून जा."

कंपनीच्या कार्यालयाच्या भिंती निळ्या होत्या. छताजवळच्या स्पीकरमधून लाटांचा आवाज येत होता. काउंटरवर काचेच्या वाडग्यात शिंपले होते, ते कोणी उचलू नयेत म्हणून तळाला चिकटवलेले. पलीकडे एक तरुण बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या छातीवर 'समाधान अधिकारी' अशी पट्टी होती.

"बोला सर. तक्रार आहे की शंका?"

"दोन्हींत फरक काय?"

"शंका मोफत असते."

"मग शंका," पाहिलेराव म्हणाले. "किंमत ठरलेली होती ना?"

"आहेच सर. प्रत्येक वेळी ठरलेलीच असते." समाधान अधिकाऱ्यांनी एक फाइल उघडली. आत पाहिलेरावांच्या सह्यांचे सगळे कागद ओळीने लावलेले होते, भोकं एका रेषेत, प्रत्येक कागदाला प्लास्टिकचं आवरण. "आमचे चार हजार ग्राहक आहेत सर. पण इतकी स्वच्छ संमती आम्हाला कोणी दिलेली नाही. नव्या कर्मचाऱ्यांना आम्ही तुमची फाइल दाखवतो."

पाहिलेरावांना क्षणभर भरून आलं. खात्यात बावीस वर्षांत त्यांच्या सहीला कोणी आवरण घातलं नव्हतं.

"पण मी नुसतं पाहिलं होतं," ते सावरून म्हणाले.

"तेच तर. पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. कलम चौदा. तेही तुम्ही पाहिलंय."

"मग रद्द करा सहल."

"करू की. रद्द केल्यावर तुमचे एक लाख चार हजार वाचतील. एवढी मोठी बचत आमच्यामुळे होणार, म्हणून तिच्यातला निम्मा वाटा कंपनीचा. ते बावन्न भरलेल्या साठांतून वळते होतात. उरलेले आठ तुमचे."

"आठ हजार परत मिळतात?"

"परत मिळायला आधी मागावे लागतात सर. आणि मागणं म्हणजे तक्रार. तक्रारीचं शुल्क नऊ."

पाहिलेरावांनी सवयीने खिशात हात घातला. पेन नव्हतं. ते नसल्यामुळे आयुष्यात प्रथमच त्यांना काय बोलावं हा प्रश्न पडला. समाधान अधिकाऱ्यांना त्यांची दया आली असावी, कारण त्या साठ हजारांत काय बसतं ते शोधू लागल्या. सात दिवसांचे तीन करून पाहिले. खोली समुद्राकडे पाठ करून घेतली. मग परतीचा प्रवास ऐच्छिक केला, कारण बरेच ग्राहक कसेबसे परत येतातच असा अनुभव होता. तरीही बसेना.

"मॅडम सोबत असायलाच हव्यात का?" त्यांनी विचारलं. "एकाने जायचं आणि आल्यावर दुसऱ्याला सांगायचं. श्रवण सहभागी म्हणतो आम्ही. निम्म्यात होतं."

"समुद्र तिलाच पाहायचाय."

"मग तुम्ही ऐका."

"मी नुसता ऐकायला पैसे देऊ?"

"तर मग एकच राहतं सर. गृहमुक्काम." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही सात दिवस तुमच्याच घरी राहायचं. वाळू, मीठ, बादली आणि लाटांचा आवाज आमच्याकडून. वर मागे समुद्र घालून तुमचे सहा फोटो. अट एकच. कोणाला दिसायचं नाही. ग्राहक सहलीच्या काळात घरी सापडला तर कंपनीच्या नावाला धक्का बसतो. तसं लिहून द्यायचं. पेन माझं घ्या."

घरी बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती शांतता पाहिलेरावांच्या ओळखीची होती आणि त्यांना ती आवडत नसे.

"म्हणजे साठ हजार भरून आपण आपल्याच घरात लपायचं?"

"नाश्ता धरून."

"नाश्ता कोण करणार?"

"ते स्पष्ट केलेलं नाही."

बाईंना नाही म्हणता आलं असतं. पण तिन्ही मजल्यांना काय सांगणार होत्या? समोरच्या वहिनींनी तर आदल्याच दिवशी डोंगरासाठी घेतलेला लोकरी कोट जिन्यात घालून दाखवला होता. त्यामुळे ठरल्या दिवशी दोघं बॅगा घेऊन निघाली. सगळ्यांनी हात हलवले, यांनीही हलवले. चौकातल्या उपाहारगृहात चार तास बसून, दुपारी इमारत डुलकी घेत असताना ती मागच्या जिन्याने चोरांसारखी वर आली. दाराशी पार्सल होतं. एक बादली, किलोभर वाळू, मिठाची पुडी, लाटांच्या आवाजाचा छोटा स्पीकर. पाहिलेरावांनी पेन उघडलं. कराराचा बदल क्रमांक पाचवर चढला होता, म्हणून हे सहा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बंद पडद्याआड टोपी घातली, बादलीत वाळू, मीठ आणि पाणी घातलं आणि दोन्ही पाय आत सोडले.

"लाट कुठाय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

पाहिलेराव खाली बसले आणि बादली हलवू लागले. हे काम त्यांनी नेकीने केलं. दर पाच सेकंदांनी एक लाट, मध्ये कुठे खंड नाही. बाई बराच वेळ समोरच्या कपाटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाय बाहेर काढले, पुसले आणि आत गेल्या. पाहिलेराव आणखी थोडा वेळ बादली हलवत होते. त्या रडत असतील असं त्यांना वाटलं, पण जाऊन पाहायची हिंमत झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट न पाहता सोडली.

तिसऱ्या दिवशी दाराखालून पत्र सरकलं. सहलीच्या काळात ग्राहकाचं घर हे कंपनीचं मुक्कामस्थान ठरत असल्यामुळे त्याचं खोलीभाडं लागू होत होतं. खोलीतून समुद्र दिसत नसल्याबद्दल पाच टक्के सूट होती. पाहिलेरावांनी दुसरी प्रत सही करून दाराखालूनच परत सरकवली. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं, तोवर पावलं जिना उतरून गेली होती. आवक क्रमांक सात.

चौथ्या दिवशी दुपारी बाईंनी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला दार हळूच उघडलं. त्याच क्षणी समोरचंही दार हळूच उघडलं. तिथे लोकरी कोट घातलेल्या, घामाने निथळणाऱ्या समोरच्या वहिनी उभ्या होत्या. हातात अर्धवट वितळलेल्या बर्फाचं ताट होतं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी भानावर आल्या त्या वहिनी.

"कधी आलात?"

"अजून आलो नाही," बाई म्हणाल्या. "शनिवारी येणार. तुम्ही?"

"आम्हीही शनिवारीच. तिकडे हवा कशी आहे?"

"छान आहे. तुमच्याकडे थंडी?"

"फार," वहिनी कपाळ पुसत म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरच्या बंद दारामागून धबधब्याचा आवाज येत होता आणि खालच्या मजल्यावरून जंगलातले पक्षी. वहिनींनी ताट खाली ठेवलं.

"खरं सांगू? समुद्र आम्हीही नाही पाहिला. मागच्या वर्षीचा याच घरातला. बादली अजून आहे, धुणं भिजवते तिच्यात."

"वहिनी, इथून समुद्र आहे तरी किती लांब हो?"

"चार तास. सकाळी सहाची साधी बस. माझा भाचा कंडक्टर आहे तिच्यावर."

"रोज जाते?"

"रोज. गेली तीस वर्षं."

बाईंनी विचार केला. तो दोघींचा एकाच वेळी पूर्ण झाला, कारण त्या एकदमच हसल्या. दोघी अधिकृतपणे इथे नव्हत्याच. तेव्हा त्या गेल्या काय आणि राहिल्या काय, कोणाला कळणार होतं?

"तुम्हीही चला," पाचव्या दिवशी पहाटे बाई टोपी घालता घालता म्हणाल्या.

"मी लिहून दिलंय," पाहिलेराव म्हणाले. "सही आहे माझी."

"मग बसा तिला राखत."

रात्री आठला बाई परत आल्या, तेव्हा टोपीचा काठ मोडला होता, कपडे गुडघ्यापर्यंत ओले होते आणि नाक लाल झालं होतं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पाहिलेरावांसमोर ठेवली. तळाला थोडी वाळू होती.

"तुमच्यासाठी आणला. थोडासा."

पाहिलेरावांनी वही ओढली. आवक क्रमांक आठ, समुद्र, एक बाटली. मग टोपण उघडून बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"लाट कशी असते?" त्यांनी विचारलं.

"ती पाच सेकंदांनी येत नाही. तिला वाटेल तेव्हा येते. तेवढं सोडलं तर तुमची बरी होती."

शनिवारी दोघं बॅगा घेऊन मागच्या जिन्याने उतरली आणि पुढच्या जिन्याने वर आली. सहा फोटो तिन्ही मजल्यांवर फिरले. तिन्ही मजल्यांनी आपलेही दाखवले आणि सगळ्यांनी सगळ्यांचे मनापासून वाखाणले. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सोमवारी कंपनीचा अभिप्राय फॉर्म आला आणि पाहिलेरावांनी आजवर कुठल्याही फॉर्मवर खोटं लिहिलेलं नव्हतं. आवक क्रमांक नऊ. 'सहलीत विशेष काय आवडले?' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पत्नीने समुद्रात उभे राहून घेतले. गुडघ्यापर्यंत.'

आवक क्रमांक दहाचं पत्र आठवडाभरात आलं. ग्राहकाच्या पत्नीने कंपनीच्या पूर्वपरवानगीशिवाय पॅकेजबाहेरचा आनंद घेतल्याचं ग्राहकाच्याच हस्ताक्षरात सिद्ध झालं होतं. करारात आनंद घोट्यापर्यंतच गृहीत धरलेला होता. घोटा ते गुडघा या वाढीव आनंदाचा आकार चाळीस हजार.

पाहिलेरावांचा हात पेनाकडे गेला. बाईंनी तो धरला.

"आधी वाचा," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत."

बावीस वर्षांत प्रथमच पाहिलेरावांनी एक कागद वरपासून खालपर्यंत वाचला. अगदी तळाला, बारीक अक्षरांत शेवटचं कलम होतं. 'प्रस्तुत आकार ग्राहकाने न भरल्यास, या व्यवहाराची हकिगत कोठेही छापून आल्यावर ती शेवटपर्यंत पाहणाऱ्या व्यक्तींकडून समप्रमाणात वसूल करण्यात येईल. पाहणे हीच संमती समजली जाईल.'

पाहिलेरावांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान पसरलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची नीट घडी घातली आणि सही न करता तो पुढे ढकलला.

"आपलं काम नाही हे," ते बायकोला म्हणाले. "पुढच्या टेबलाचं आहे."

कागद आता तुमच्यासमोर आहे. आणि तुमचा पाहूनही झालाय.