हिरोची शेपूट

किशोरच्या होणाऱ्या बायकोने विश्वासाने त्याच्या हाती एकच गोष्ट सोपवली होती, आणि ती शेपटीकडून संपत चालली होती.

ती गोष्ट म्हणजे एक मासा. बोटाएवढं अंग आणि अंगाहून मोठी निळीजांभळी शेपूट असलेला फायटर मासा. नाव हिरो. साखरपुड्यानंतर दिशाने वाशिंदहून जीप बदलत बदलत, मांडीवर काचेची टाकी धरून तो मुरबाडजवळच्या या गावात आणला होता. टाकी किशोरच्या हातात देताना ती म्हणाली होती, "लग्न होऊन मी येईन तवर हा तुमच्यात रुळून जाईल. याला कसा सांभाळतोस बघू, म्हणजे मला कसा सांभाळशील ते कळेल."

आता हे ती हसत बोलली होती. पण किशोर गंमत कळणाऱ्यांपैकी नव्हता. मुरबाडच्या कारखान्यात तो नटबोल्टांची तपासणी करायचा. दिवसभर माल चांगला की वाईट एवढंच ठरवणाऱ्या माणसाला होणाऱ्या बायकोने परीक्षा घातली, तर तो ती पेपरासारखीच सोडवणार. त्याने टाकी पुढच्या खोलीत खिडकीत ठेवली, आईला हात लावायची बंदी केली आणि रोज दिशाला हिरोचा फोटो पाठवायला सुरुवात केली.

गणपती गेले आणि फोटोत काहीतरी चुकायला लागलं. आधी शेपटीच्या कडेला एक चीर दिसली. मग ती दोन ठिकाणी फाटली. दसऱ्यापर्यंत हिरोची शेपूट बोरीच्या काट्यात अडकलेल्या ओढणीसारखी झाली होती. किशोरने घाबरून जुनेच फोटो पाठवायला घेतले.

"रोज सेम पोझ?" दिशाने फोनवर विचारलं.

"त्याला तीच आवडते," किशोर म्हणाला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की असंच काहीतरी बोलतो.

तुळशीचं लग्न झालं की दिशा आणि तिचे वडील बस्त्याचं ठरवायला घरी येणार होते. म्हणजे त्याआधी शेपूट का झडते हे शोधायचं आणि ती पुन्हा आणायची. किशोरने कंपनीतली पद्धत लावली. नटाचा आटा बिघडला की मशीन, पोलाद, तेल, कामगार असं एकेक तपासत जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याने पाण्यापासून सुरुवात केली.

"विहिरीत ग्रामपंचायतीनं पावडर टाकलीय. त्याच पाण्यानं होत असंल," तो म्हणाला आणि डोंगराकडच्या झऱ्यावरून कॅन भरून आणू लागला. शेपूट फाटतच राहिली. मग त्याने टाकीतले रंगीत खडे काढून एकेक गालावर घासून पाहिला, कुठला टोचतो का म्हणून. एकही टोचला नाही. मग कल्याणला जाऊन माशांच्या दुकानात विचारलं. दुकानदाराने औषधाची बाटली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली बदामाची वाळकी पानं दिली. ती पानं बघून भागी, म्हणजे किशोरची आई, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अरे, शाळंमागं बदामाचं झाड हाय. मी रोज सकाली तीच पानां झाडून जालते. तू ती कल्यानहून आनलीस?"

"ही औषधी हायेत."

"आन आपली काय खोटी हायेत?"

शेजारचा जयराम तर ठाम होता. "किशोर, माझा ऐक. येकटा पडलाय तो. त्याला जोडीला दुसरा आन."

"जयरामकाका, फायटर हाय तो. दुसरा आणला तर दोघांतला एकच उरंल."

"मंग बायको आन त्याला."

"तरी एकच उरंल."

"व्हय का?" जयरामने आपल्या घराकडे बघत सुस्कारा सोडला. "हुशार हाय मग."

शेवटी भागीने मीठमिरच्या घेतल्या आणि टाकीवरून उतरवून चुलीत टाकल्या. घरभर ठसका उठला. सगळी माणसं खोकत अंगणात धावली. पाण्यात असल्यामुळे तेवढा हिरोच आत शांत होता.

या सगळ्यात किशोरचे वडील धाऊ मात्र कधी मधे पडले नाहीत. काही सुचवलं नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. किशोरला वाटायचं, बाबांना माशाचं काही पडलेलं नाही. खरं म्हणजे त्या घरात हिरोवर सगळ्यात जास्त जीव कुणाचा असेल तर तो धाऊंचा होता, आणि घोटाळा नेमका तिथेच होता.

तो उघडकीस आला भर दुपारी. कारखान्यातली वीज गेली, शिफ्ट सुटली आणि किशोर जेवायच्या वेळेला घरी पोचला. ओट्यापाशी येऊन बघतो तर चपलांचा ढीग पडलेला. गावात अशा चपला एखाद्याच्या दारात दिसल्या की आत काय झालं असेल ते कुणाला सांगावं लागत नाही. आईला सकाळी जरा कणकण होती. किशोर चपला तुडवत आत धावला.

आई ठणठणीत होती. ती चहाची किटली घेऊन उभी होती. पुढच्या खोलीत अर्धी आळी दाटीने बसली होती, मधे नारळ आणि ग्लुकोजच्या बिस्किटांच्या पुड्यांची रास पडली होती, आणि खिडकीपाशी धाऊ दाढी करायचा गोल आरसा टाकीला लावून उभे होते.

"ह्या आता बगा!" ते म्हणत होते. "बगा कसा पेटतो! कोन म्हनतो आमच्या सूनबाईचा मासा मरायला टेकलाय?"

आरशात हिरोला दुसरा हिरो दिसला. त्याने कल्ले फुगवले, पर ताठ केले, उरलीसुरली शेपूट पंख्यासारखी उघडली आणि काचेवर धाड धाड धडका घेतल्या. मंडळींनी वाहवा केली. मग शत्रू काही हटत नाही म्हटल्यावर हिरो गर्रकन वळला, आणि त्या तावात स्वतःच्याच शेपटीचा लचका तोडून थुंकला.

"बाबा!" किशोर ओरडला.

धाऊंनी आरसा पाठीमागे लपवला, पण तो बगलेतून चमकत राहिला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. खिडकीतल्या उजेडात दाढी करताना धाऊंना हा खेळ सापडला होता. मग सूनबाईच्या माशाचं कौतुक म्हणून त्यांनी तो जयरामला दाखवला. जयरामने आणखी चौघांना आणलं. शेपूट फाटायला लागली तशी मासा आजारी असल्याची बातमी गावभर झाली. आजारी जीवाला बघायला जायचं आणि रिकाम्या हाताने जायचं नाही ही गावाची रीत. माणसं नारळ, बिस्किटं घेऊन येऊ लागली. आल्यावर मान हलवून म्हणू लागली, "सूनबाईनं दिलेला मासा असा झाला, काय खरं नाय रं धाऊ." हे धाऊंना कसं सोसावं? घराची अब्रू होती. मग येणाऱ्या प्रत्येकाला ते आरसा लावून दाखवायचे, की मासा आजारी नाही, बघा केवढा जोर आहे. त्याने शेपूट आणखी फाटायची. म्हणून आणखी माणसं बघायला यायची.

"आये, तू पण?" किशोरने विचारलं.

"मी फकस्त च्या देत व्हते," भागी म्हणाली.

माणसं एकेक करून चपला शोधत निघून गेली. धाऊ टाकीपुढे उकिडवे बसले. हिरो कोपऱ्यात दमून पडला होता. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "म्हंजे मीच त्याला मारीत व्हतो होय रं?" त्यांचे डोळे भरून आले होते. किशोर खूप बोलणार होता, पण ते डोळे बघून तो खाली पसरलेले बिस्किटांचे पुडे गोळा करू लागला.

दुसऱ्या दिवशी धाऊंनी आरसा कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकला आणि जाहीर केलं, "त्याची शेपूट भरंपर्यंत मी दाढी करनार नाय."

"अवो, न्हाव्याकडं जा की!" भागी म्हणाली.

"नाय म्हंजे नाय."

त्या दिवसापासून धाऊ टाकीचे राखणदार झाले. चकचकीत स्टीलचे डबे त्यांनी मागच्या खोलीत हलवले. बिस्किटं घेऊन येणाऱ्याला ओट्यावरूनच परत लावलं. शाळेमागच्या बदामाची पानं ते स्वतः धुऊन वाळवून पाण्यात सोडू लागले, कारण कल्याणची पानं संपली होती आणि हिरोला फरक कळला नव्हता. शेपटीच्या कडेला आधी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ किनार आली, मग तिच्यात निळा रंग उतरू लागला. इकडे धाऊंची पांढरी दाढी छातीकडे निघाली. किशोर कामावरून आला की दोन्हींची वाढ बघायचा.

तुळशीचं लग्न झालं आणि पाहुणे आले. दिशा थेट टाकीकडे गेली. किशोर तिच्यामागे श्वास रोखून उभा राहिला. तपासणीला लागलेल्या नटाला काय वाटत असेल ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. ती वाकून, वळून, दोन्ही बाजूंनी बघत राहिली.

"काय मस्त झालाय रे!" ती म्हणाली.

किशोरने श्वास सोडला. पण दिशाचे वडील लडकूशेठ पुढे आले आणि चष्मा कपाळावर चढवून टाकीत बघू लागले. "मस्त? ह्यो तर निजलेला दिसतो. आमच्याकडं व्हता तवा नुसता वाघ व्हता वाघ! तुमच्याकडचं मानवलं नाय वाटतं त्याला."

खोलीत सगळ्यांनी धाऊंकडे पाहिलं. घरात येऊन व्याही घराला उणं बोलला होता. दारात टेकलेल्या जयरामने तर हाताने आरसा धरल्याची खूण करून डोळे मोठे केले. धाऊंची बोटं गुडघ्यावर वळवळली. पेटी चार पावलांवर होती. जन्मात त्यांनी इतका मोह कधी आवरला नव्हता.

"शेट," ते सावकाश म्हणाले, "आमच्याकडं तो सुखात हाय. सुखातला गडी कशाला गुरगुरंल?"

"काय तरीच! थांबा, मीच दावतो तुमाला," लडकूशेठ म्हणाले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, सेल्फीचा कॅमेरा लावला आणि पडदा टाकीच्या काचेला भिडवला. पडद्यावर दुसरा हिरो उगवला. पहिल्याने कल्ले फुगवले.

साठीच्या माणसाने दाखवू नये अशी चपळाई धाऊंनी दाखवली. एका झेपेत ते खिडकीपाशी पोचले, डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मोबाइलवर घातली आणि टोपीसकट व्याह्यांचा हात धरला. "शेट! सोन्यासारखी शेपूट आलीय. पुन्हा फाटंल!"

लडकूशेठ हात धरलेल्या अवस्थेत उभेच राहिले. दिशा मात्र टोपीखालच्या मोबाइलकडे बघत होती.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "तुमी घरी पण असंच करायचात?"

"रोज नाय गो. पाव्हनं आलं तरच."

"आपल्याकडं पाहुणे रोज येतात पप्पा!"

लडकूशेठनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि ते जमिनीकडे पाहू लागले. दिशा किशोरकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. "किशोर, तुला एक सांगायचं होतं. आमच्याकडं पण याची शेपूट झडत होती. काय काय केलं मी, पाणी बदललं, औषधं आणली. शेवटी ऑफिसात नेऊन ठेवला, तिथं बरा झाला. मग वाटलं आमच्या घरचंच याला सोसत नाय, म्हणून तुझ्याकडं आणला."

"मग सांगितलं का नाय?"

"तुला वाटलं असतं, हिला साधा मासा सांभाळता येत नाय, ही घर काय सांभाळणार."

किशोर तिच्याकडे बघतच राहिला. गेले दोन महिने हेच वाक्य तो स्वतःबद्दल मनात म्हणत होता. "फोटो जुने होते," तो एकदम म्हणाला. "सगळे. दिवाळीपर्यंत पाठवलेले."

"ते मला कळलं होतं रे," दिशा म्हणाली. "रोजच्या फोटोत मागे गणपतीचं मखर किती दिवस असेल?" आणि ती हसू लागली, इतकी की तिला खिडकीचा गज धरावा लागला. "आता हा इथंच राहील. मी पण."

किशोरच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पहिल्या नंबराने पास झालेला मुलगाही एवढा खुलत नाही. दिशाने डोळे पुसले आणि धाऊंकडे वळून विचारलं, "पण बाबा, आमी दोघं एवढे शिकलेले, आमाला सापडलं नाय. आरशानं होतं हे कुणी शोधलं?"

जयरामने तोंड उघडलं, भागीने त्याच्या पायावर पाय दिला. धाऊ मान खाली घालून टोपी चाचपत होते. किशोरने वडिलांच्या त्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं.

"बाबांनी," तो म्हणाला. "त्यांच्यामुळंच कळलं."

हे शंभर टक्के खरं होतं. दिशाने वाकून धाऊंना नमस्कार केला. लडकूशेठनी मोबाइल बंद करून खिशात घातला आणि आदराने विचारलं, "व्याही, तुमी वळखलंत तरी कसं?"

धाऊंनी एकदा लेकाकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर चढवली, पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला आणि व्याह्यांना शेजारी बसवून घेतलं.

"त्याचं असं हाय शेट," ते म्हणाले, "काही मान्सांना मुक्या जीवाचा तमाशा करायची लई हौस असते बगा..."

भागी तोंडाला पदर लावून चहा टाकायला आत पळाली.