चाळीस वेबसाइटींची हजेरी

रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ढगे सर वेबसाइटींची हजेरी घेतात. समोर जुनं मस्टर, कानावर पेन्सिल. "महागाव, मळणीयंत्रवाले!" असं ते कॉम्प्युटरला खणखणीत आवाजात विचारतात, पान उघडतं आणि उत्तरही तेच देतात, "हजर." मग खूण. "लोहारा, वेल्डिंगवाले!" "हजर." एखादं पान उघडलं नाही, तर तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा मॉनिटरला हात लावतात. अशा चाळीस. हजेरी मात्र दुसऱ्या नंबरापासून सुरू होते. पहिला नंबर ते पुकारत नाहीत. नुसता उघडतात आणि पाहत राहतात.

हे सगळं मला खाली ऐकू येतं. पुसदला माझं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि डोक्यावर सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट. म्हणजे होती. कॉम्प्युटर आले, यंत्रं भंगारात गेली, पोरं येईनाशी झाली. दुसरा कोणी कॉम्प्युटरला शिव्या देत बसला असता. सरांनी एक विकत घेतला आणि वेबसाइटी बनवायला लागले. दहाही बोटांनी, खाली न पाहता.

मी त्यांच्याकडे गेलो तो हरून. पंप दुरुस्त करता करता मी दुकानदार झालो, भावात मला कोणी हरवलेलं नव्हतं. शहरातल्या एका कंपनीच्या गोडबोल्या पोराने हरवलं. पहिल्या वर्षी वेबसाइट जवळजवळ फुकट दिली. मीच घासाघीस करून भाव पाडला, असं सांगत मी गावभर फिरलो. दुसऱ्या वर्षी त्याने दहापट मागितले. मी फोनवर एवढा ओरडलो की समोरच्या पानठेल्यावरचे लोक उठून आले. तिसऱ्या दिवशी वेबसाइट बंद, आणि दुकानाचं इंटरनेटवरचं नावसुद्धा कंपनीच्याच नावावर निघालं. त्या पोराचा नंबर मी अजून पुसलेला नाही. भेटेल कधीतरी.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "दिलीपभाऊ, पहिल्या वर्षाचा भाव कायले विचारता? पाचव्या वर्षाचा विचारा ना."

हे त्यांचं पालुपद. बाकी नियमही ठरलेले. वेबसाइटचं नाव मालकाच्याच नावावर घ्यायचं, तेही बऱ्याच वर्षांसाठी एकदम. नाव एकाकडून, वेबसाइट ठेवायची इंटरनेटवरची जागा दुसऱ्याकडून. म्हणजे जागावाल्याशी बिनसलं तर बिऱ्हाड उचलता येतं. चाळीसही जण एकाच भाड्याच्या जागेत, खर्च वाटून. सगळ्यांची एकेक प्रत पेन ड्राइव्हमध्ये, पेन ड्राइव्ह स्टीलच्या डब्यात. आणि फोटोंना बंदी.

मी म्हटलं, "सर, माझा एक तरी फोटो टाका. दुकानासमोर उभा असलेला."

"किती वजनाचा आहे?"

"कोण, मी?"

"फोटो! पान हलकं असलं का कमी जागेत राह्यते, जास्त दिवस जगते. लोक तुमाले पाहाले येऊन राह्यले का वॉशर?"

मग मी भाव विचारला. त्यांनी सांगितला. मी निम्मा म्हटलं. "बरं, नका करू," म्हणून ते टायपिंगला लागले. आता रीत अशी की गिऱ्हाइकाने पाठ फिरवायची, जिना उतरायला लागायचं आणि दुकानदाराने हाक मारायची. मी उतरलो. पाचव्या पायरीवर चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने थांबलो. वर खटखट बंद झाली, पण हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मुकाट्याने त्यांच्या भावात काम करून घेतलं. याचा राग मला अजून आहे. माणसाने निदान हाक तरी मारावी!

मागच्या महिन्यात सर आठ दिवस दवाखान्यात होते. वरून हजेरी ऐकू येईना, तर मला दुकानात करमेना. ते परत आले त्या सकाळी मी वर गेलो. पहिला नंबर उघडा होता. पक्ष्यांची यादी. पूस धरणावर कोणता पक्षी कधी दिसला, एवढंच. खाली एक चौकट: नवा पक्षी दिसला तर इथे लिहा.

"हे कोणाचं?"

"विनयचं. माझ्या पोराचं." मला त्यांना मुलगा आहे हेच माहीत नव्हतं, मी इथे दुकान टाकायच्या आधीची गोष्ट. "कॉलेजात असताना बनवलं त्यानं. मी म्हटलं, हे रिकामे धंदे सोड, इन्स्टिट्यूट सांभाळ. बॅग घेऊन इथूनच निघाला. पाचव्या पायरीवर थांबला, तुम्ही थांबता ना, तिथंच. चांगला दोन मिनिटं. मले वर कळत होतं, पाऊल वाजत नव्हतं. मी हाक नाही मारली."

मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"मंग त्याचा नंबर बदलला, माझं घर बदललं. हा जिना तो चढणार नाही, पण हा वेबसाइटचा पत्ता त्याले दुरून उघडता येते. हा बंद पडू नये म्हणून शिकलो सगळं. बाकीचे एकोणचाळीस जागेचं भाडं निघावं म्हणून."

मस्टरमधून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. त्या चौकटीत एकदा कोणीतरी लिहिलेली ओळ त्यांनी छापून ठेवली होती. 'अजून चालू आहे?' खाली नाव नाही.

कोणीही लिहिलं असेल, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"उत्तर कुठं पाठवणार?" सर म्हणाले. "चालू ठेवणं, हेच उत्तर."

मग त्यांनी पासवर्डांची चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "नाव एका वेळी दहा वर्षांच्या पुढं घेताच येत नाही. अन् माझं काही खरं नाही. तुम्ही भांडखोर आहात, दुसऱ्यांदा फसणार नाही. माझ्यामागं पाच वर्षं चालवा."

"पाच कायले?" मी ओरडलोच. "पंधरा!"

"जास्त होते. सात."

"पंधरा म्हटलं ना, सर!"

"आठ. तुमाले कायले उगाच खर्च..."

मी चिठ्ठी तिथेच टाकून उठलो आणि तणतणत जिना उतरायला लागलो. पाचव्या पायरीवर पाय थांबले. या वेळी पट्ट्याचं सोंग केलं नाही, नुसता उभा राहिलो. मग वर खुर्ची सरकली.

"अहो दिलीपभाऊ," सरांनी हाक मारली, "पंधरा तर पंधरा. या वर."