चढत्या कलाचे विद्यार्थी

कराडच्या एका खासगी महाविद्यालयाने प्रवेशासाठी ‘गुण-कल धोरण’ लागू केले, त्या वर्षी कुंडलचे लष्करातले निवृत्त हवालदार भाऊसो आपल्या लेकीला, अपेक्षाला, घेऊन तिथे निर्धास्तपणे गेले. पोरीला बारावीत शहाण्णव टक्के होते.

प्रवेश समितीच्या प्रमुखांनी संगणकात पाहून खेदाने मान हलवली. “अकरावीला सत्त्याण्णव होते. कल घसरणीचा आहे.”

“आवं सायेब, एकच तर टक्का!”

“या वेगाने आणखी शहाण्णव वर्षांत ती शून्यावर येईल. संस्थेला एवढी जोखीम घेता येत नाही.”

पाठोपाठ भाऊसोंच्या शेजाऱ्याचा ऋषिराज आत आला. अकरावीला पस्तीस, बारावीला अठ्ठेचाळीस. प्रमुख खुर्चीतून उठलेच. “चार वर्षांत शंभर टक्के, पाचव्या वर्षी एकशे तेरा! असा विद्यार्थी संस्थेला अद्याप लाभलेला नाही.” त्यांनी हात पुढे केला, तेव्हा ऋषिराज वळून आपल्या मागे कोण उभे आहे ते पाहू लागला.

अपेक्षाला सांगलीत प्रवेश मिळाला. तिथे अजून जुनाट पद्धतीने नुसते गुणच बघत. ती खूश होती, पण भाऊसोंना ऋषिराजच्या घरचे पेढे काही केल्या पचेनात. त्यातच कराडच्या महाविद्यालयाने जाहीर केले की, यापुढे कल आठवीपासून मोजला जाईल.

भाऊसोंची धाकटी क्रांती नेमकी आठवीतच होती. सहामाहीत चौऱ्याण्णव टक्के पडले म्हणून ती उड्या मारत घरी आली. भाऊसोंनी गुणपत्रिका तिच्या हातून ओढून घेतली.

“आताच चौऱ्याण्णव? वर जायला जागा नको व्हय गं? बारावीत काय दीडशे आणणार हायेस?”

दुसऱ्याच दिवशी तिला पलूसच्या ‘पायाभूत घसरण वर्गा’त घातले. तिथे तालुक्यातली सगळी हुशार पोरे गुण कमी करायला येत. क्रांतीची प्रगती मात्र समाधानकारक नव्हती. गणित दिसले की तिचे उत्तर बरोबरच यायचे. सरांनी भाऊसोंना बोलावून घेतले.

“पोरगी मन लावून चुकत नाही. घरी लक्ष द्या.”

मग घरी कडक शिस्त आली. अभ्यासाचे पुस्तक हातात दिसले की भाऊसो ओरडत आणि टीव्ही बंद असला की आईला बोलणी बसत. अखेर कष्टांचे चीज झाले. क्रांती वार्षिक परीक्षेत चार विषयांत नापास झाली; शाळेने तिला नववीत ढकलले. भाऊसोंनी गल्लीत पेढे वाटले. घरच्या मनुबाई आजींनी पोरीची दृष्ट काढली. “आमची मातर दोनच विषयांत गेली बगा,” असे शेजारीण तोंड पाडून म्हणाली, तेव्हा भाऊसोंची छाती लष्करात फुलली नव्हती एवढी फुलली.

जूनमध्ये महाविद्यालयाचे नवे पत्रक आले. सर्वच अर्जदारांचा कल सारखाच चढता असल्याने निवड अशक्य झाली होती. सबब यापुढे आठवीपासूनचे सातत्य पाहिले जाईल. सुरुवातीलाच नापास झालेल्यांनी अर्ज करू नये.

भाऊसोंनी पत्रक उलटसुलट करून पाहिले. शेवटी क्रांतीच जवळ आली.

“आबा, मग आता नववीत मी खरी उत्तरं लिवू?”

भाऊसोंचा हात तिच्या डोक्यावरून फिरता फिरता थांबला. त्यांनी उठून खिडकीतून शेजारच्या घरात डोकावून पाहिले.

“गप बस जरा,” ते हळूच म्हणाले. “बाकीची पोरं काय लिवत्यात, ते आदी कळू दे.”