मेमरी वाढवण्याबाबत

सन १९८७च्या गळीत हंगामात कोल्हापूरजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याने ऊसतोडणीच्या याद्या करण्यासाठी टेबलावर मावणारा एक कॉम्प्युटर घेतला. त्याला स्वतंत्र खोली, पडदे आणि थंड हवेचं यंत्र मिळालं. तो चालवणाऱ्या कारकून आकारामला एक खुर्ची मिळाली.

पण या शहाण्या यंत्राची मेमरी तोकडी निघाली. साडेतीन हजार सभासद पोटात गेले की पुढचं नाव घ्यायला साफ नकार. आकारामचे सासरे बापूसो नेमके तीन हजार पाचशे तेरावे. यादीत नाव नाही म्हणून तोडीची टोळी नाही, टोळी नाही म्हणून ऊस उभा. नाव हाताने घालावं, तर हाताने लिहिलेलं यापुढे ग्राह्य धरू नये, असा संचालकांचा ठराव! आकारामची बायको नंदिनी चिडून गडहिंग्लजला माहेरी निघून गेली.

"बाबांच्या उसाला तोड मिळंल, त्या दिवशी येतो मी. तवर हाका मारू नका," जाताना तिने बजावलं.

आकारामने पुण्याहून मेमरीच्या आठ चिपा मागवल्या आणि तो अध्यक्ष आप्पासोंपुढे उभा राहिला.

"चार स्क्रू हायत, साहेब. झाकण काढायचं, चिपा दाबायच्या. धा मिनिटांत मोकळं."

"आणि वारंटी?" आप्पासो गरजले. "झाकणावर कंपनीचं सील हाय. ते फाटलं की वारंटी खलास!"

"पर मशीन बिघडलंय कुठं?"

"न्हाय बिघडलं, म्हणूनच जपायची की! बिघडल्यावर काय जपायचं?"

कंपनीला पत्र गेलं. कंपनीने कळवलं की, मेमरी कमी असणे हा बिघाड नव्हे. बिघाड नसल्यास इंजिनिअर येणार नाही. अन्य कोणी यंत्र उघडल्यास वॉरंटी रद्द. मग सील संरक्षण उपसमिती नेमली गेली. पहारेकरी गुंडू रोज सकाळी वहीतल्या 'सील शाबूत' या शेऱ्यापुढे अंगठा उठवू लागला.

वॉरंटी तीन महिन्यांची होती. आकारामने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मोजत कसेबसे दिवस काढले. मुदत संपायला दोन दिवस उरले आणि आप्पासोंनी ती सहा महिन्यांनी वाढवून घेतली. एवढी जपलेली वस्तू अशी वाऱ्यावर कशी सोडायची?

त्याच आठवड्यात नंदिनीचं पत्र आलं: 'बाबांच्या उसाला तुरे आले, वजन घटाय लागलं. आता त्या वारंटीसंगंच संसार करा.'

भर दुपारी, गुंडू चहाला गेलेला बघून, आकारामने दार लावलं. सील टराटरा फाडलं, चिपा दाबल्या, बटण दाबलं. पडद्यावर बापूसोंचं नाव झळकलं तेव्हा गड्याला रडूच फुटलं. दोन दिवसांत टोळी उसात शिरली, आणि संध्याकाळच्या एसटीने नंदिनी पिशवी घेऊन घरी आली.

आकाराम सस्पेंड झाला. चौकशी बसली. गुन्ह्याचा पुरावा म्हणून आप्पासोंनी तिजोरीतून वॉरंटी कार्ड आणवलं. लाल फडक्यात गुंडाळलेलं, वर हळदकुंकू! चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा पुसून ते उलटं केलं आणि मोठ्याने वाचलं: "सदर कार्ड भरून, विक्रेत्याचा शिक्का घेऊन, पंधरा दिवसांत पोस्टाने न पाठवल्यास वॉरंटी लागू होणार नाही."

कार्ड कोरं होतं. म्हणजे उपसमितीने इतके दिवस जे जपलं ते नव्हतंच, आणि मुदतवाढ मिळाली तीही त्यालाच.

"मग ह्यानं मोडलं तरी काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आमचा विश्वास, साहेब!" आप्पासो म्हणाले. त्या कलमाखाली आकाराम घरी बसला.

हसताय? हसा, खुशाल हसा. फक्त हसून झालं की जरा उठा आणि तुमच्या त्या नव्या मिक्सरचं कार्ड काढा बघू. असेल तिथंच, कपाटात, ठेवणीतल्या साड्यांच्या घडीखाली, अगदी जपून ठेवलेलं. भरलंय का ते?