रिकामं पद

मराठीचे हर्ट्झ मार्चअखेर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही, आणि मिरजेतले पंखे मनाला येईल तसे फिरू लागले.

मी ज्या परिभाषा कार्यालयात मुद्रितं तपासते, तिथेच एककांची नेमणूक होते. प्रत्येक भाषेत प्रत्येक एककाच्या नावाचं एक जिवंत माणूस लागतं, त्याशिवाय ते एकक चालत नाही. फिनलंडमध्ये हेर्त्सी म्हणून एक बाई आहेत, स्पेनमध्ये हेर्सिओ आहेत, लिथुआनियात हेर्त्सस. बाकी बहुतेक ठिकाणी नुसते हर्ट्झच. आमच्याकडे डेसिबल मॅडम आहेत, त्यांचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांच्या रजा लगेच मंजूर होतात.

पहिली तक्रार तंबोरे बनवणाऱ्या गौसभाईंची आली. "सकाळी षड्ज लावून ठेवतो मॅडम, आणि जेवून येईस्तोवर तो भलत्याचाच झालेला असतो. गिऱ्हाईकाला काय सांगू?" मग रेडिओवरच्या बातम्या आधी लहान बाळाच्या आणि नंतर म्हशीच्या आवाजात यायला लागल्या.

आमच्या अधीक्षक तांबोळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हर्ट्झच्या जागेसाठी तुमचं नाव वर कळवलंय," त्या म्हणाल्या.

"माझं? मला दशांशचिन्ह कुठे द्यायचं तेही कळत नाही. चष्मा डोक्यावर असताना मी तो टेबलाखाली शोधते."

"लग्नात नाव बदललेलं आहे ना तुमचं? अनुभव म्हणून धरलाय तो. एकदा बदलूनही टिकलात."

"टिकले कसली! सहा महिने सासूबाई हाक मारायच्या आणि मी मागे वळून बघायचे, कुणाला बोलावतायत म्हणून."

"त्या मानाने इथे लवकर सवय होते."

मी विचार करून सांगते म्हणाले, म्हणजे नाही म्हणाले. केबिनबाहेरच्या बाकावर निवृत्त हर्ट्झ बसले होते. ते रोज येतात. रुजू होताना जमा केलेलं त्यांचं मूळ नाव अभिलेखागारात सापडत नाही. पेन्शनच्या कागदावर नावाची जागा कोरी आहे. सगळे त्यांना 'अहो' म्हणतात. "बघा ना मिळतंय का," ते मला म्हणाले. "छोटंसंच होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या शेजारच्या मालनमावशींचा फोन आला. आई इथेच मिरजेत, ब्राह्मणपुरीत एकटी राहते, तिच्या छातीत पेसमेकर आहे. "अगं, आई बोलता बोलता मधेच थांबतीय. नाडी बघितली तर कधी धावतीय, कधी विसरल्यासारखी करतीय. ये तू."

घरी बोलावलेल्या डॉक्टरांनी यंत्र तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. "सेकंदाला एक ठोका लावलाय," ते म्हणाले, "म्हणजे बरोबर एक हर्ट्झ. पण पद रिकामं आहे ना तुमच्याकडे. यंत्राने तरी काय धरून चालायचं?"

"यंत्र तर जर्मन आहे. त्यांचे हर्ट्झ आहेत की हजर."

"यंत्र कुठलं का असेना. आईंचं काळीज मराठी आहे."

आई खाटेवरून म्हणाली, "मला काही झालेलं नाही. हिला उगाच ऑफिसातून उठवून आणलं."

आणि बोलता बोलता ती मधेच थांबली. ओठ निळसर दिसायला लागले. मी तिथूनच तांबोळी मॅडमना फोन लावला.

"सगळी नावं जमा करावी लागतील," त्या म्हणाल्या.

"माहेरचंसुद्धा? ते आता फक्त आईच घेते."

"तेच तर लागतं. ते खाली राहिलं की वरचं घट्ट बसत नाही."

"लिहून घ्या," मी म्हणाले.

अर्ध्या तासात मी ऑफिसात होते. लग्नात करतात तसंच सगळं केलं. ताटात तांदूळ पसरले. अंगठी मिळेना, म्हणून निवृत्त हर्ट्झांनी बोटानेच माझं नवीन नाव लिहिलं. त्यांचं बोट तांदळात फिरत होतं तेव्हा मला माझं लग्नानंतरचं नाव आठवेना, आणि शेवटचं अक्षर पुरं झालं तेव्हा त्याच्या आधीचंही. डोक्यावरचा पंखा एकदा अडखळला आणि सरळ फिरायला लागला. डेसिबल मॅडमनी टाळ्या वाजवल्या असाव्यात.

लगेच युरोपातल्या सगळ्यांशी ओळख म्हणून स्क्रीनवर बैठक झाली. वीस-पंचवीस चेहरे होते. कुणी काही बोलत नव्हतं, फक्त सगळ्यांच्या पापण्या एकदम मिटत होत्या आणि एकदम उघडत होत्या. माझ्याही पापण्या त्यांच्याबरोबर मिटतायत हे मला जरा उशिरा कळलं. फिनलंडच्या हेर्त्सीबाई पुढे झुकून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, आणि ते मला समजलं.

"तुमचं कोण वाचलं?"

"आई," मी म्हणाले.

"माझा मुलगा," त्या म्हणाल्या. स्पेनचे हेर्सिओ म्हणाले, "बायको." मग पुन्हा सगळ्यांच्या पापण्या एकदम मिटल्या. बैठक चांगली झाली, असं इतिवृत्तात लिहिलंय.

संध्याकाळी आईकडे गेले. ती स्वयंपाकघरात उभी राहून कांदा चिरत होती. गालांवर रंग आला होता. मालनमावशी म्हणाल्या, "डॉक्टरांची कमाल हो!"

"आलीस का गं," आई म्हणाली. पुढे माझं नाव घ्यायला तिने तोंड उघडलं, जीभ टाळ्याला लावली, आणि आवाज आला नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. बरोबर एक सेकंद गेला.

"हात धू, पोहे टाकते," ती म्हणाली. तिला काही अडल्यासारखं वाटलं नव्हतं.

मी हात धुवायला मोरीत गेले. बाहेरून तिने मला हाक मारली. एक सेकंद काहीच ऐकू आलं नाही.

"आले," मी म्हणाले.