दोन सेकंदांची सही

फ्लॅश एकदाच उडाला, आणि तोही थेट जनरल मॅनेजर जयसिंगरावांच्या चष्म्यात. मग अरविंद दिघ्यांनी सेल काढून पँटला पुसले, उलटे घातले, सुलटे घातले, मनातल्या मनात खजराण्याच्या गणपतीला हात जोडले. फ्लॅश काही पुन्हा पेटला नाही.

"काय झालं?" सुजयने घड्याळ बघत विचारलं. हा पर्सोनेल ऑफिसर मिलच्या मुंबईतल्या मालकांनी पुण्याहून निवडून पाठवला होता. त्याला इंदूरमध्ये चार महिने झाले होते आणि त्यातले तीन महिने मिल बंदच होती.

"फ्लॅश गेला, साहेब."

"मग पलासियातल्या स्टुडिओतून कोणी प्रोफेशनल बोलवू या."

"बाहेरचा माणूस आत नाही येणार," युनियनचा सेक्रेटरी शाम म्हणाला. "पहलेच बोलणं झालंय. फोटो काढेल तर आपले अरविंद भिया काढतील."

अरविंद एकोणीस वर्षं मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते आणि फावल्या वेळात लग्नामुंजींचे फोटो काढत. त्या ब्याण्णव सालात मिलमध्ये दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला तेवढाच एक माणूस उरला होता. मालकांना युनियनसोबतच्या बैठकीचा फोटो हवा होता. वातावरण खेळीमेळीचं आहे, असं त्यात दिसायला हवं होतं. सकाळी सुजयने अरविंदना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "फोटो छान येऊ द्या, दिघे. तुमच्या नोकरीचं मी बघतो." घरी बायकोने, शोभनाने, हे ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली. अरविंदना ती साखर बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण कामावरून काढलेल्या बाकीच्यांचं कोण बघणार होतं? पण त्यांनी ती खाल्ली.

हॉलमध्ये उजेड म्हणजे उंच छताला एक ट्यूबलाइट आणि साहेबांच्या टेबलावरचा दिवा. दगडफेकीनंतर खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. अरविंदनी हजेरीच्या रजिस्टरांची चळत रचली आणि तिच्यावर कॅमेरा ठेवला.

"शटर दोन सेकंद उघडं ठेवतो. तेवढा वेळ कोणी हलायचं नाही."

युनियनचे पाचही जण गणपतीच्या आराशीतल्या पुतळ्यांसारखे बसले. तीन महिने फाटकासमोर 'हिलेंगे नहीं' ओरडत बसलेली माणसं ती. दोन सेकंद म्हणजे त्यांना काहीच नव्हतं. पंचाईत समोरच्या बाजूची झाली. सुजयचा पाय टेबलाखाली शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत होता.

"साहेब, पाय," अरविंद म्हणाले. मग जयसिंगरावांकडे वळून, "आणि साहेब, तुमची मान हलते."

"तीन महिने हलतेय," शाम म्हणाला. "नाही नाही म्हणून आदत पडली, और काय!"

जयसिंगराव स्वतःच हसले. तीन महिन्यांत त्या हॉलमध्ये कोणी हसलं नव्हतं. अरविंदनी आणखी दोनदा शटर उघडलं, पण साहेबांचा चेहरा काळाच दिसणार हे त्यांना भिंगातूनच कळत होतं.

"साहेबांपुढं एक पांढरा कागद हवा. दिव्याचा उजेड त्याच्यावरून तोंडावर येईल."

ऑफिसातले सगळे कागद पिवळे पडलेले. शेवटी शामने आपली फाईल उघडली आणि पांढराशुभ्र टाइप केलेला कागद काढला: सर्व तीनशे दहा कामगारांना परत कामावर घ्यावे. हा कागद जयसिंगरावांनी तीन महिने टेबलाला लागू दिला नव्हता. आता तो उजेडापायी अगदी त्यांच्या नाकाखाली आला.

"झकास!" अरविंद रंगात आले. "आता पेन घ्या, कागदाला टेकवा. सही करताय असं नुसतं दाखवा. एक… दोन… हां! साहेब, हात हलला तुमचा."

शामने वाकून कागद पाहिला. "हात कसा नाही हलणार? साहेबांनी सही केली!"

बत्तीस वर्षं दिवसाला दीडदोनशे सह्या केलेला तो हात. पेन कागदाला टेकलं आणि त्याने आपलं काम केलं, साहेबांना न विचारता.

एकच गलका झाला. सुजय कागदावर झेपावला, पण कागद शामच्या सदऱ्यात गेला होता. मग तो अरविंदकडे धावला.

"दिघे, रोल काढा! आत्ताच्या आत्ता! उद्याच तुमचं नाव हजेरीपटावर घेतो."

अरविंदचा हात कॅमेऱ्याच्या झाकणावर गेला. शोभना आठवली. समोरचे पाच चेहरेही दिसत होते.

"इथं नाही काढता येणार, साहेब," ते म्हणाले. "उजेड लागून सगळं जाईल."

"अहो, आत्तापर्यंत उजेडच नव्हता ना!"

"तेवढा आहे," म्हणत अरविंदनी कॅमेरा गळ्यात अडकवला. आपली नोकरी आपण आत्ता स्वतःच्या हातांनी घालवली, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

"सुजय, बसा," जयसिंगराव म्हणाले. त्यांनी खणातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "माझं पत्र आलंय. कालपासून मीसुद्धा इथला कोणी नाही. फोटोपुरते थांबा, असं मालक म्हणाले, म्हणून थांबलो. माझ्या सहीनं आता सायकल स्टँडसुद्धा उघडणार नाही."

शामने सदऱ्यातून कागद काढला. सहीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. त्याला घोषणा द्यायची होती की शिवी, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

"साहेब," तो अखेर म्हणाला, "हे तर लई वाईट झालं."

"आण इकडं," जयसिंगराव म्हणाले. त्यांनी कागद दिव्याखाली धरून पहिल्यांदाच पूर्ण वाचला. मग 'तीनशे दहा' खोडून वर स्वच्छ अक्षरात 'तीनशे अकरा' लिहिलं, आणि पाकीट त्यालाच टाचणीने जोडलं. "हा पाठवा मुंबईला."

अरविंदनी न सांगता शटर उघडलं. या वेळी साहेबांची मान हलली नाही.

मालकांच्या बाजूला आता सुजय एकटाच उरला होता. "मला तसलं काही पत्र आलेलं नाही," तो घाईघाईने म्हणाला.

"येईल, भिया, येईल," शामने त्याच्यासाठी शेजारची खुर्ची रिकामी केली. "तोवर बसून तर घ्या."

सुजयने ती खुर्ची जरा जवळ ओढली. मग त्याने हळूच विचारलं, "पत्र साध्या टपालानं येतं की रजिस्टरनं?"